निविदेपासून नौकाबांधणीपर्यंत : उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद

जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वाहनांच्या भारतीय उद्योगाशी ज्यांचे नाव जोडले गेले, असे पुरुष आपल्या देशाच्या इतिहासात विरळाच. सोलापूरच्या दिगंबर जैन समाजात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद दोशी हे त्यांतील अग्रगण्य होत. त्यांनी उभारलेल्या कारखान्यांची नामावली अनेकांना मुखोद्गत असते. तथापि हा सारा विस्तार ज्या पायावर उभा राहिला तो पाया सरकारी कंत्राटांचा होता, ही गोष्ट मात्र सहसा विस्मृतीत जाते. सरकारने काम कोणाला द्यावयाचे, कोणत्या कसोटीवर द्यावयाचे आणि ती कसोटी कोणी ठरवावयाची, या प्रश्नांशी वालचंदशेठ जवळजवळ अर्धशतक झुंजत राहिले. त्यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले असता त्यांच्या धडपडीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो, आणि ते प्रश्न आजही आपल्यासमोर आहेत याची जाणीवही होते.

घराणे आणि बालपण

दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापाराच्या निमित्ताने ते सोलापुरी येऊन स्थिरावले आणि कापूस व सावकारी या व्यवसायांत त्याने नाव मिळविले. वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. जन्मानंतर अल्पावधीतच मातृछत्र हरपले आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या मायेत त्यांचे संगोपन झाले. पिताश्री हिराचंद नेमचंद हे केवळ व्यापारी नव्हते. ‘जैन बोधक’ या नियतकालिकाचे संस्थापक, शिक्षणाचे पुरस्कर्ते आणि समाजसुधारक म्हणून त्यांची ख्याती होती. समाजाच्या जुन्या चालीरीतींना प्रश्न विचारण्याचे धैर्य वालचंद यांना घरातूनच मिळाले असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद हे बंधू पुढे त्यांच्या उद्योगांत सहकारी झाले.

सोलापुरात प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर वालचंद यांनी मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे शिक्षण घेतले. पदवी मात्र पूर्ण होऊ शकली नाही आणि ते घरच्या पेढीवर परतले. व्याजबट्ट्याच्या आणि कापसाच्या व्यवहारात त्यांचे मन रमेना. हाताने काही उभे करावे, डोळ्यांना दिसेल असे काही घडवावे, ही त्यांची ओढ होती.

पहिले काम आणि कंत्राटाची शाळा

अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि नंतर लहानसहान कामांची कंत्राटे घेऊ लागले होते. त्यांच्यापाशी कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंद यांच्यापाशी पत होती आणि अनुभव नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशीकडील छोट्या लोहमार्गाचे काम हाती घेतले. एक ब्राह्मण आणि एक जैन अशी ही जोडी ‘फाटक-वालचंद’ या नावाने पुढे बरीच वर्षे ओळखली गेली.

त्या काळची सरकारी कामाची पद्धत समजून घेतल्याखेरीज या धाडसाचे मोल कळणार नाही. काम काढणारे खाते प्रथम आपल्या अभियंत्यांकडून अंदाजपत्रक तयार करून घेई. खोदाई, भराव, दगडकाम, चुना, लोखंड अशा प्रत्येक बाबीचे प्रमाण व दर त्यात असत. नंतर मोहोरबंद निविदा मागविल्या जात. निविदेसोबत अनामत रक्कम भरावी लागे. नेमल्या दिवशी लखोटे उघडून दरांचा तुलनात्मक तक्ता केला जाई. वरवर पाहता हा व्यवहार काट्यावर तोलल्यासारखा वाटतो. परंतु सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याचे बंधन खात्यावर नसे आणि ती नाकारल्यास कारण देण्याचीही आवश्यकता नसे. कोणत्या कंत्राटदाराची ऐपत पुरेशी आहे, कोणाचा अनुभव ग्राह्य धरावा, हे ठरविण्याचा अधिकार अधिकाऱ्याच्या मर्जीवर राही. एतद्देशीय कंत्राटदाराला मोठे काम मिळत नसे, कारण त्याने पूर्वी मोठे काम केलेले नसे. आणि मोठे काम केलेले नसे, कारण ते त्याला मिळतच नसे. या चक्रातून बाहेर पडणे ही पहिली परीक्षा होती.

दुसरी परीक्षा काम मिळाल्यावर सुरू होई. जमिनीखाली काय आहे हे निविदा भरताना कोणालाच पूर्ण ठाऊक नसते. मुरूम निघाला तर एक दर, मऊ खडक निघाला तर दुसरा आणि कठीण खडक निघाला तर तिसरा. निघालेला खडक कोणत्या वर्गात मोडतो यावर कंत्राटदाराचा नफा किंवा दिवाळे अवलंबून असे. मोजमाप पुस्तिकेत नोंद करणारा खात्याचा माणूस, ती तपासणारा खात्याचा माणूस, आणि वाद झाल्यास अंतिम निर्णय देणाराही बहुधा त्याच खात्याचा वरिष्ठ अभियंता. वादातील एक पक्षच न्यायाधीश होई.

आपल्या धर्मात अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापाने देणे-घेणे हाही एक आहे. तराजू धरणाऱ्या दुकानदाराला हा दोष लागतो, तसाच तो मोजमाप पुस्तिका लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला आणि कमी चुना वापरून पूर्ण चुन्याचे पैसे घेणाऱ्या कंत्राटदारालाही लागतो. सरकारी कामातील बहुतेक सर्व तंट्यांचे मूळ या एका मापाच्या प्रश्नात आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

घाटातील बोगदे

लहान कामांतून अनुभव व पत मिळवीत वालचंद पुढे सरकत गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्कराला बांधकामे तातडीने हवी होती आणि त्यातून त्यांच्या पेढीला मोठी संधी मिळाली. युद्धानंतर १९२० मध्ये टाटा समूहाशी सहकार्य करून टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीच्या द्वारे त्यांनी मोठ्या कामांच्या क्षेत्रात पाऊल टाकले. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. टाटा कन्स्ट्रक्शनची सूत्रे पुढे संपूर्णपणे वालचंद यांच्याकडे आली आणि १९३५ पासून ती प्रीमियर कन्स्ट्रक्शन कंपनी म्हणून ओळखली जाऊ लागली. तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणाऱ्या नळांचे काम, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल, ब्रह्मदेशातील इरावतीवरील पूल अशी कामे त्यांच्या नावावर आहेत. परंतु महाराष्ट्राच्या दृष्टीने बोरघाटातील बोगद्यांचे महत्त्व आगळे आहे.

या घाटाला कंत्राटांचा एक करुण इतिहास आहे. १८५० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटाचे काम इंग्रज कंत्राटदारांना दिले होते. त्या काळी रेल्वे कंपन्यांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी असल्याने खर्च वाढला तरी भागधारकांची झोप उडत नसे. भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडे. पहिल्या कंत्राटदाराचे मजुरांशी वेतनावरून तंटे झाले आणि १८५९ मध्ये त्याने काम सोडले. त्याच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरल्यावर अल्पावधीतच मरण पावले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी अनुभवी व्यवस्थापकांच्या साह्याने कंत्राट पुरे करून दाखविले. सहस्रावधी एतद्देशीय मजुरांनी त्या घाटात प्राण गमावले. मात्र मुख्य कंत्राटदार म्हणून एतद्देशीयाचा विचारही तेव्हा होत नव्हता.

सुमारे सत्तर वर्षांनी चित्र पालटले. १९२५ मध्ये ही रेल्वे सरकारच्या व्यवस्थापनाखाली आली. मुंबई-पुणे मार्गाचे विद्युतीकरण करून गाडीची दिशा उलटविण्याचे घाटातील जुने स्थानक टाळावयाचे होते. त्यासाठी नव्या मार्गावर मोठे बोगदे खोदणे आवश्यक होते. हे काम वालचंद यांच्या कंपनीने स्वीकारले आणि १९२९ मध्ये नवा मार्ग व विजेची गाडी सुरू झाली. हिंदी कंत्राटदाराला अशी कामे झेपणार नाहीत, या समजुतीला सह्याद्रीच्या कातळातच उत्तर मिळाले. पुढे कोणत्याही निविदेत अनुभवाचा मुद्दा काढून हिंदी पेढीला बाजूला सारणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही.

लंडनमधील लखोटे आणि समुद्रावरील झुंज

बांधकामाच्या क्षेत्रात निदान लखोटे हिंदुस्थानात उघडले जात. सरकारी सामानाच्या खरेदीत तेही नव्हते. रेल्वेचे डबे, इंजिने, यंत्रे, लोखंड यांची मोठी खरेदी लंडनमधील इंडिया ऑफिसच्या भांडार खात्यामार्फत होई. निविदा पौंडांत मागविल्या जात, त्या तेथेच उघडल्या जात आणि माल कोणत्या नमुन्याचा हवा हे तेथील सल्लागार अभियंते ठरवीत. ज्याने नमुना ठरविला त्याने अर्धा निकाल आधीच लावलेला असतो, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

१९२१ मध्ये जमशेदपूरला पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी उभी राहिली ती सरकारच्या मागणीच्या भरवशावर. प्रत्यक्षात इंजिनांच्या मागण्या पुरेशा आल्या नाहीत आणि काही वर्षांतच तो कारखाना सरकारच्या ताब्यात गेला. विलायतेतील कारखाने मंदीच्या काळात पडत्या भावाने माल देत आणि कमी दराच्या कसोटीवर तेच उजवे ठरत. दर कमी, हे खरेच होते. परंतु त्या दराने देशातील कारखाना मेला तर पुढील वर्षी दर कोण ठरविणार, हा प्रश्न तक्त्यात कोठेच मांडलेला नसे. १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झाले आणि १९३० च्या सुमारास रुपयांत निविदा मागवून खरेदी हिंदुस्थानात करण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. हिंदी व्यापारी मंडळांच्या दीर्घकाळच्या मागणीचे ते फळ होते. वालचंदशेठ या चळवळीच्या अग्रभागी होते. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे ते पहिले अध्यक्ष आणि १९३२-३३ मध्ये हिंदी व्यापारी महासंघाचेही अध्यक्ष होते.

त्यांच्या झुंजीचे सर्वांत मोठे क्षेत्र होते समुद्र. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा उगमच १८५६ मध्ये कलकत्ता-रंगून टपाल वाहतुकीच्या सरकारी कंत्राटातून झाला होता. टपालाचे कंत्राट म्हणजे दरवर्षी निश्चित मिळणारी रक्कम. तिच्या आधारावर कंपनीला मालवाहतुकीचे दर पाडणे आणि स्पर्धकाला बुडविणे शक्य होई. कंपनीचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांचे सरकारदरबारी असलेले वजन इतके होते, की १९२२ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या खर्चात काटकसर सुचविण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच देण्यात आले. सरकारकडून लाभ घेणारा आणि सरकारला खर्चाचा सल्ला देणारा एकच असावा, यात त्या काळच्या राज्यकर्त्यांना काही विपरीत वाटले नाही.

अशा प्रतिस्पर्ध्यासमोर वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्यासह १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर दरयुद्ध पेटले. १९२३ मध्ये सिंदियाला करार करून आपल्या जहाजांच्या टनभारावर मर्यादा स्वीकारावी लागली आणि प्रवासी वाहतुकीपासून दूर राहावे लागले. हा करार अपमानास्पद होता. तथापि कंपनी जगली. १९२४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या समितीने किनारी वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवण्याची शिफारस केली. तिची अंमलबजावणी झाली नाही आणि त्यासाठी १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेले विधेयकही तडीस गेले नाही. नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ मध्ये कंपनीची धुरा वालचंद यांच्या खांद्यावर आली आणि दोन दशके त्यांनी ती वाहिली.

विमान, मोटार आणि नौका

दुसऱ्या महायुद्धाने सरकार हे पुन्हा एकदा सर्वांत मोठे गिऱ्हाईक झाले. १९३९ मध्ये प्रवासात वालचंद यांची अमेरिकन विमान व्यावसायिक विल्यम पॉली यांच्याशी भेट झाली आणि हिंदुस्थानात विमाने बांधण्याची योजना जन्मास आली. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळुरूला जागा व भांडवल दिले आणि डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. सरकारने विमानांची मागणी नोंदविली ती स्पर्धात्मक निविदेतून नव्हे, तर थेट वाटाघाटींतून. आयुष्यभर उघड कसोटीचा आग्रह धरणाऱ्या वालचंद यांना या वेळी बंद दाराआडच्या बोलणीचा लाभ झाला. युद्धाची निकड आणि दुसरा कोणताही हिंदी कारखाना अस्तित्वात नसणे ही त्याची कारणे होती. त्याच निकडीचे कारण पुढे करून सरकारने १९४२ मध्ये वालचंद यांचे भाग विकत घेतले आणि कारखाना आपल्या ताब्यात घेतला. वाटाघाटीने दिलेले वाटाघाटीने परत गेले. त्याच कारखान्यातून आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही संस्था विकसित झाली.

मोटारीच्या कारखान्याची कथा याउलट आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आखलेली ही योजना वालचंद यांनी उचलून धरली. त्यांना सरकारकडून देणगी नको होती. लष्करासाठी लागणाऱ्या वाहनांपैकी काही येथे तयार झालेली घेतली जावीत, एवढीच अपेक्षा होती. युद्धकार्यास हा कारखाना आवश्यक नाही, अशी भूमिका घेऊन मध्यवर्ती सरकारने ती नाकारली. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली आणि कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला.

नौकाबांधणीसाठी प्रथम कलकत्त्याचा विचार झाला होता. तेथे बंदराच्या अधिकाऱ्यांकडून योग्य जागा मिळेना, म्हणून विशाखापट्टणम निवडले गेले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी त्या शहरावर बाँबहल्ला केला आणि कामात खंड पडला. तरीही १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे जहाज पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते समुद्रात उतरले. १९५२ मध्ये हा कारखानाही प्रामुख्याने सरकारच्या मालकीचा झाला. ज्या किनारी वाहतुकीसाठी पंचवीस वर्षे भांडावे लागले ती स्वतंत्र भारतात भारतीय जहाजांसाठी राखली गेली, हे पाहण्याचे भाग्य मात्र वालचंद यांना लाभले.

अखेरची वर्षे

रावळगाव आणि वालचंदनगर येथील ऊसशेती व साखर कारखाने हा त्यांच्या कार्याचा आणखी एक विशाल अध्याय आहे. माळरानावर वसाहती वसविताना शाळा, दवाखाना आणि पाणी यांचा विचार त्यांनी केला. १९५० च्या सुमारास पक्षाघाताने प्रकृती ढासळल्यामुळे ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांची प्राणज्योत मालवली. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांचे नाव धारण करून आजही अभियंते घडवीत आहे.

काट्याचा धडा

ज्या प्रश्नांशी वालचंद झुंजले ते स्वातंत्र्यानंतर संपले, असे मात्र झाले नाही. परकी सत्ता गेली; निविदेचा काटा धरणारा हात आपला झाला, आणि तो सरळ धरला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारीही आपलीच झाली. १९७९ मध्ये मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. निविदेत घातलेली अनुभवाची अट पूर्ण न करणाऱ्यास काम देण्यात आले होते. सरकारी संस्थेने स्वतः जाहीर केलेली कसोटी तिच्यावरही बंधनकारक असते आणि ती मनमानीने सैल करणे म्हणजे समानतेच्या तत्त्वाचा भंग होय, असे न्यायालयाने ठरविले. तथापि दाद मागण्यास विलंब झाल्यामुळे व अन्य कारणांमुळे ते कंत्राट रद्द झाले नाही. १९९४ मध्ये महानगरांतील मोबाइल दूरध्वनी परवान्यांच्या वादात न्यायालयाने आणखी एक मर्यादा स्पष्ट केली. निर्णय कसा घेतला गेला हे न्यायालय तपासील. कोणती निविदा अधिक चांगली, हे मात्र ते स्वतः ठरविणार नाही. १९९८ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाने लखोटे उघडल्यानंतरच्या वाटाघाटींवर निर्बंध घातले. सर्वांत कमी दर हीच एकमेव कसोटी असावी काय, हा जुना वाद तर अजून चालूच आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने काही बांधकामांसाठी दराबरोबर गुणवत्तेलाही गुण देण्यास परवानगी दिली. गुण देण्यात अधिकाऱ्याची मर्जी शिरते, आणि केवळ दर पाहिला तर निकृष्ट काम गळ्यात पडते. या दोन धोक्यांमधून वाट काढणे हे कोणत्याही नियमापेक्षा माणसाच्या सचोटीवरच अधिक अवलंबून आहे.

आपल्या समाजातील अनेक बांधव आज बांधकाम, पुरवठा आणि अभियांत्रिकी या व्यवसायांत आहेत. काही शासकीय सेवेतही आहेत. कोणी निविदा भरतो, तर कोणी ती उघडतो. दोघांनाही वालचंदशेठांचे चरित्र उपयोगी पडेल. निविदा भरणाऱ्याने त्यांच्याकडून हे घ्यावे, की नाकारला गेलेला लखोटा हा शेवट नसतो. काम उत्तम करून दाखविणे हा पुढच्या निविदेचा सर्वांत मोठा पुरावा असतो. निविदा उघडणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे, की त्याच्या एका शेऱ्याने एखादा उद्योग पंचवीस वर्षे मागे ढकलला जाऊ शकतो. सोलापूरच्या एका पेढीवर बसलेल्या तरुणाला बार्शीच्या वाटेवरील तो लहानसा लोहमार्ग मिळाला नसता, तर पुढील कित्येक गोष्टी घडल्या नसत्या. असा तरुण आजही कोठेतरी आपला पहिला लखोटा मोहोरबंद करीत असेल. त्याचा लखोटा न्यायाने उघडला जावा, हीच या उद्योगमहर्षीस खरी आदरांजली ठरेल.